आमच्या पणजोबांना बसऱ्याला कशाला नेलं होतं?

मागच्या अंकात पहिल्या महायुद्धाबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की या युद्धाची सुरुवात शोधायची तर राजवाड्यात नको, गिरणीच्या भोंग्यापाशी शोधा. त्यावर बरेच प्रश्न आलेत. चार घेतेय. शेवटचा प्रश्न वाचल्यावर दोन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही, म्हणून त्याला जागा जास्त दिलीये, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : ताई, मी अकरावीला आहे. आमच्या पुस्तकात औद्योगिक क्रांती हा एक धडा, साम्राज्यवाद दुसरा आणि पहिलं महायुद्ध तिसरा. सर म्हणतात तिन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. माझी कारणं पाठ होतात पण चित्र डोळ्यासमोर येत नाही. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कारणं बाजूला ठेव. कापसाची एक गाठ धर आणि ती कुठून कुठे जाते ते बघत जा.

मँचेस्टरच्या आजूबाजूचा जो लँकेशायर भाग आहे तिथल्या हवेत कापसाचं एक बोंड पिकत नाही. तरी १८०० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत जगाला कापड पुरवणारा मुलुख तोच झाला, कारण वाफेवर चालणारी यंत्रं तिथे होती आणि वाफेला लागणारा कोळसा तिथेच जमिनीखाली होता. आता बघ, आपला विणकर सूत नसलं तर त्या दिवशी शेतात जाईल, काहीतरी दुसरं करेल, पण गिरणी बंद पडली की मालकाच्या डोक्यावर व्याज चढत राहतं आणि हजारो मजुरांच्या घरी चूल पेटत नाही. म्हणजे कापूस रोज यायलाच पाहिजे आणि कापड रोज खपलंच पाहिजे. हे जे 'रोज पाहिजे' आहे ना, त्यातूनच पुढचं सगळं निघालं असं माझं स्पष्ट मत आहे.

हा कापूस यायचा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. १८६० च्या सुमाराला इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा तिथलाच होता. १८६१ च्या एप्रिलमध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या, म्हणजे उत्तरेच्या, आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि इकडे समुद्रापलीकडे लँकेशायरमध्ये लाखो लोकांचं काम गेलं. त्यातल्याच मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ ला सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं की आम्ही तुमच्या बाजूने आहोत, गुलामगिरी संपलीच पाहिजे. घरात खायला नाही आणि माणसं हे लिहितायत! ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे असं मला फार वाटतं.

गिरणीमालकांची नजर मग मुंबईकडे वळली. आपला कापूस आखूड धाग्याचा, एरवी ते त्याला नाक मुरडायचे, पण आता खानदेश, वऱ्हाड, गुजरात कुठलाही चालेल अशी वेळ आली. भाव कैकपट चढले. मुंबईत इतका पैसा आला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, ज्याला त्याला शेअर हवे होते, आणि या सगळ्यातलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद, त्यांच्याच देणगीतून आणि त्यांच्या आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभा आहे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापूस परत सुरू होणार हे कळल्यावर इकडचे भाव घसरत गेले आणि १ जुलै १८६५ ला मुंबईचा बाजार झोपला.

शेटजी बुडाले ही गोष्ट सगळे सांगतात, शेतकऱ्याचं काय झालं ते कमी जण सांगतात. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, मागेल त्याला कर्ज मिळत होतं. तेजी गेली तसा त्याने हात आखडला, जुन्या कर्जाचा तगादा लावला, आणि त्याच काळात सरकारने शेतसाराही वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, वह्या आणि कर्जखतं बाहेर काढून जाळली, आणि हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. अमेरिकेत बंदर बंद होतं काय आणि चौदा वर्षांनी सुप्यात खतं जळतात काय. त्या शेतकऱ्याने लिंकनचं नावही ऐकलं नसेल.

आता हेच चाक इजिप्तमध्ये कसं फिरलं बघ, कारण तुझा साम्राज्यवादाचा धडा इथे सुरू होतो. तिथेही त्याच चार वर्षांत कापसाचा पैसा आला, त्या भरवशावर खेदिव, म्हणजे तिथला राज्यकर्ता, इस्माईलने युरोपातल्या बँकांकडून कर्जावर कर्ज काढलं, रेल्वे, कालवे, राजवाडे. भाव पडल्यावर व्याज भरता येईना. १८७५ मध्ये त्याने सुएझ कालव्यातला आपला हिस्सा इंग्लंड सरकारला ४० लाख पौंडांना विकला, तरी भागलं नाही, पुढच्या वर्षी दिवाळं निघालं आणि तिजोरीच्या किल्ल्या इंग्रज-फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हातात गेल्या. त्याविरुद्ध अहमद उराबी या लष्करी अधिकाऱ्यामागे लोक उभे राहिले, तर जुलै १८८२ मध्ये इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, सप्टेंबरमध्ये तेल-अल-कबीरची लढाई जिंकून देश ताब्यात घेतला, त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले शिपाईही होते. शेवटचा इंग्रज सैनिक तिथून निघाला तो १९५६ मध्ये. घेणं वसूल करायला गेले आणि चौऱ्याहत्तर वर्षं राहिले.

तिसरा धडा इथून जवळ आहे. जर्मनीने कारखाने उशिरा उभे केले पण झपाट्याने, १९०० च्या आधीच पोलादात इंग्लंडला मागे टाकलं. त्यांनाही तेच 'रोज पाहिजे' लागू होतं, पण तोपर्यंत जग वाटून झालेलं, आफ्रिकेचे वाटे कसे पाडायचे याचे नियमसुद्धा बर्लिनमध्ये १८८४-८५ ला बसून ठरवले गेले होते. मग आरमार वाढवायची चढाओढ लागली. बाकीचं, सारायेवो वगैरे, तुझ्या पुस्तकात नीट दिलंय, ते वाच.

प्रश्न : माझगावला राहतो. वडील गोदीत होते. ते सांगायचे की चीनशी झालेल्या अफूच्या लढाईत मुंबईत बांधलेलं जहाज होतं. खरंच का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : खरंच, आणि साधंसुधं जहाज नव्हतं ते. 'कॉर्नवॉलिस' नाव, ७४ तोफांचं, सागवानी, मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधून १८१३ मध्ये पाण्यात सोडलेलं. २९ ऑगस्ट १८४२ ला चीनच्या अधिकाऱ्यांनी ज्या तहावर सही केली, ज्यात हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले, तो नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. पुढे ते इंग्लंडमध्ये शीअरनेसला धक्का म्हणून वापरत होते आणि १९५७ मध्ये मोडलं. आपल्या सुतारांचं काम किती पक्कं होतं बघा, १४४ वर्षं!

मुंबईचा संबंध एवढ्यावर संपत नाही. त्या लढाईच्या मुळाशी जी अफू होती तिच्यातली मोठी आवक माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, त्यासाठी चांदी मोजावी लागायची, चिन्यांना इंग्रजी माल फारसा नको होता, तेव्हा चांदी वाचवायला अफू पुढे केली. ईस्ट इंडिया कंपनी माळव्याच्या अफूवर मुंबईत पासाची फी घ्यायची आणि मग आपले व्यापारी ती चीनला पाठवायचे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतला मोठा भाग याच व्यापारातला. जे.जे. हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं, तिथे आजही गरीब माणूस बरा होऊन घरी जातो, ते पुण्य त्यांचंच आहे, पण ते पैसे आले कुठून हेही आपल्याला माहीत असावं, दोन्ही एका दमात सांगायला हवं असं मला वाटतं. जून १८३९ मध्ये लिन त्सेश्यू या अधिकाऱ्याने २० हजारांवर पेट्या जप्त करून मीठ आणि चुना टाकून खाचरात विरघळवल्या आणि समुद्रात सोडल्या, त्यातल्या बऱ्याच पेट्यांनी आपलं बंदर बघितलेलं होतं.

पण सागवानी कॉर्नवॉलिसने ती लढाई जिंकली असं म्हणता येणार नाही. खरं काम केलं ते 'नेमेसिस'ने. लोखंडी, वाफेवर चालणारी, बर्कनहेडच्या लेअर्डच्या कारखान्यात कंपनीसाठी बांधलेली बोट. तळ सपाट, पाण्यात जेमतेम पाच-सहा फूट बुडायची, त्यामुळे जिथे मोठी जहाजं जाऊच शकत नाहीत अशा उथळ नदीत, वारा असो नसो, प्रवाहाविरुद्ध ती घुसायची. ७ जानेवारी १८४१ ला तिच्यावरून सुटलेलं एक रॉकेट चिनी जंक जहाजाच्या दारूच्या कोठारात पडलं आणि ते जहाज माणसांसकट उडालं. कारखान्याने साम्राज्याला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी ही बोट दाखवते. तोवर किनाऱ्यापर्यंत असलेली सत्ता तिच्यामुळे नदीने आत गेली.

प्रश्न : तुम्ही नेहमी वाईटच सांगता. रेल्वे तर इंग्रजांनीच आणली ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आणली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते तुमचंच ठाणे. मी रेल्वेला वाईट म्हणत नाही, माझं माहेर रेल्वेलाईनवरचं आहे. पण कशासाठी आणली हे गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याच वर्षीच्या टिपणात स्वतःच लिहून ठेवलंय, फौज लवकर हलवता येईल आणि कापूस बंदरावर येईल, इंग्लंडचा माल आत जाईल. कंपन्यांना ५ टक्के व्याजाची हमी दिली होती, तोटा झाला तर तो भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीने, म्हणजे शेतसाऱ्यातून. बोरघाट फोडताना कॉलऱ्याने आणि अपघातांनी जे मजूर गेले त्यांची नावं कुठे नाहीत. जपाननेही रेल्वे बांधली, कोणाचं राज्य डोक्यावर न घेता. तेव्हा रेल्वे आणि इंग्रज या दोन गोष्टी वेगळ्या करून बघता येतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. माझ्या आजोबांचे वडील पलटणीत होते, 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच घरात सांगतात. तेव्हा आजोबा पाळण्यात होते. आजीच्या ट्रंकेत एक चांदीचा गोल बिल्ला आहे, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस आणि १९१४-१९१८. आमच्या शेतकऱ्याचं बसऱ्याला काय काम होतं? आणि ते कुठे गेले हे आता कळू शकतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, हे नाव आपल्याकडे नथीतल्या मोत्यांमुळे माहीत होतं, बसऱ्याचे मोती. १९१४ नंतर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत त्या नावाचा अर्थच बदलला.

तुमचे पणजोबा तिथे का गेले, तर तेलासाठी. त्यांना हे कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मे १९०८ मध्ये इराणात मस्जिदे सुलेमानला तेल लागलं, तिथून पाईपलाईन टाकून आबादानच्या बेटावर रिफायनरी उभी राहिली, ती बसऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर. त्याच सुमारास इंग्रज आरमार कोळशावरून तेलावर जात होतं, तेलाने जहाज वेगात जातं आणि कोळसा ओतणारी माणसं कमी लागतात. पण कोळसा वेल्समध्ये घरचा होता आणि तेलाचा थेंबही घरात नव्हता! म्हणून १९१४ च्या उन्हाळ्यात, युद्धाच्या जेमतेम काही आठवडे आधी, आरमारमंत्री चर्चिलने पार्लमेंटकडून मंजुरी घेऊन त्या तेल कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारच्या नावावर केला. आणि आबादानच्या समोरच्या काठावर तुर्कांचं राज्य, जे पुढे युद्धात जर्मनांच्या बाजूने उतरले.

मुंबईतून फौज ऑक्टोबरमध्येच निघाली, तुर्कांशी युद्ध जाहीरही झालं नव्हतं तेव्हा. ती बहारीनला थांबून राहिली, ५ नोव्हेंबरला युद्ध जाहीर झालं आणि ६ तारखेला ती नदीच्या मुखाशी फाओला किनाऱ्यावर उतरली. ही होती सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजनच म्हणायचे, आणि पहिल्या उतरलेल्या ब्रिगेडमध्ये ११७ नंबरची मराठा पलटण होती. त्या महिन्यातच बसरा घेतलं. तेल सुरक्षित झालं, काम तिथे संपायला हवं होतं. पण वरच्यांना बगदाद दिसायला लागलं, आणि पुरेशा बोटी नाहीत, डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत अशा अवस्थेत जनरल टाउनशेंडला नदीने शेकडो मैल वर पाठवलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला फौजेचं कंबरडं मोडलं, माघार घेत ती कुतला आली, टायग्रिसच्या वळणातलं मातीचं गाव, आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला.

जवळपास पाच महिने. शेवटी शेवटी जवाचं पीठ, तेही मोजून, आणि घोड्याचं मांस. आपल्या लोकांनी ते खायला नकार दिला, धर्माची परवानगी आहे असे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले तरी बरेच दिवस ते खात नव्हते, ताज्या भाजी-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने हिरड्या सुजल्या, माणसं बसल्या जागी जायला लागली. विमानातून पिठाची पोती टाकून बघितली, ती पुरली नाहीत. सोडवायला आलेल्या फौजेचीच २० हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला, जवळपास १३ हजार माणसांसह. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या.

पुढचं लिहिताना मला त्रास होतो. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, जो बसला तो मागे राहिला, आणि जे पोचले त्यातल्या हिंदुस्थानी शिपायांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं. कुठली रेल्वे? बर्लिनपासून बगदादपर्यंत जर्मनांना न्यायची होती ती. म्हणजे इंग्रजांच्या तेलासाठी नेलेला आपला माणूस जर्मनांच्या रेल्वेचा रूळ टाकत मेला. दोन्हीकडच्या कारखान्यांनी त्याला वापरलं. आणि ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी शस्त्रसंधी झाल्यानंतरही इंग्रज फौज पुढे मोसूलला गेलीच, जिथे तेल असल्याचं बोललं जात होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बसऱ्याला स्मारक आहे, ज्यांची कबर सापडत नाही अशा ४० हजारांवर लोकांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदुस्थानी शिपायांचा नुसता आकडा, अमुक पलटण, इतके. सद्दामच्या काळात १९९७ मध्ये ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन बसवलंय. तेव्हा तिथे जाऊन हात लावायला नाव मिळणार नाही. पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, तिच्या वेबसाईटवरच्या यादीत ही नावं शोधता येतात, कधी वडिलांचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंगच्या भरवशावर राहू नका, साहेबाने कानाला लागेल तसं लिहिलंय, 'बापू'चं 'बाबू' आणि 'जाधव'चं काहीही झालेलं असतं, त्यामुळे नावापेक्षा पलटणीच्या नंबरावरून शोधणं सोपं.

आणि तो नंबर तुमच्या ट्रंकेतच आहे. तुम्ही वर्णन केलंय ते ब्रिटिश वॉर मेडल, बिल्ल्याच्या दोन्ही बाजू सगळे बघतात, कड कोणी बघत नाही. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सकाळच्या उन्हात दारात बसा, भिंग घ्या, बिल्ला हळूहळू फिरवत वाचा. चिंच-मीठ लावून घासू नका, शंभर वर्षांत ती अक्षरं आधीच झिजलेली असतात, घासली की उरलेलीही जातील. अक्षर लागत नसेल तर कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, उमटतं. गावात चावडीपाशी किंवा देवळाच्या भिंतीत 'या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली' अशी इंग्रजांच्या वेळची पाटी आहे का तेही बघा, पुष्कळ गावांत चुन्याच्या थराखाली गेलीये.

जे काही वाचता येईल, अर्धं असलं तरी, मला कळवा. पलटण कळली की त्या पलटणीची कुतच्या वेळची यादी मी स्वतः बसून बघते.